शताब्दीला हार नकोत, तालीम हवी

1958 साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात 110 वादक एकत्र बसले आणि त्यांच्यासोबत लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. त्या दिवशी जे वाजलं ते मोझार्टचं नव्हतं, बीथोव्हेनचंही नव्हतं. गोव्यातल्या मजोर्ड्याच्या एका तिशीतल्या व्हायोलिनवादकाने, अँथनी गोन्साल्विस यांनी, पाच रेघांच्या कागदावर लिहिलेल्या त्या रचना होत्या: ‘सोनाटिना इंडियाना’, सारंग रागावरचा कॉन्चेर्टो, तोडी थाटातला व्हायोलिनचा कॉन्चेर्टो. गोन्साल्विस मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत वादक आणि अॅरेंजर म्हणून राबत होते. त्या काळात पडद्यावर अॅरेंजरचं नाव क्वचितच यायचं. दिवसभर दुसऱ्याच्या चालींना साज चढवायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःचं, रागांच्या अंगाचं सिम्फनी संगीत लिहायचं, असा हा माणूस. 1965 साली ते अमेरिकेला गेले, पुढे मजोर्ड्याला परतले आणि 2012 च्या जानेवारीत गोव्यातच वारले. आपल्याला त्यांचं नाव ठाऊक आहे ते मात्र ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे. संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते आणि 1977 साली शिष्याने गुरूचं नाव गाण्यात गोवलं. गुरुदक्षिणा म्हणून ती मोठीच. पण परिणाम असा झाला, की हे नाव पाठ असलेल्या कोट्यवधी लोकांपैकी त्यांच्या संगीताचा एक स्वरही ऐकलेला माणूस शोधून काढावा लागेल.

त्यांच्याच वयाचे वनराज भाटिया. 31 मे 1927 रोजी मुंबईत जन्म, लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत शिक्षण, मग पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे. ‘अंकुर’, ‘तमस’, ‘भारत एक खोज’ यांच्या संगीतामुळे आणि हजारो जाहिरातींच्या जिंगल्समुळे ते घराघरांत पोचले, राष्ट्रीय पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली. पण स्वतःची मुख्य ओळख त्यांनी लिहिलेल्या शास्त्रीय रचनांत होती: पियानोसाठी फँटेशिया आणि फ्यूग, तंतुवाद्यांसाठी सिन्फोनिया कॉन्चेर्टान्ते, आणि गिरीश कार्नाडांच्या नाटकावर बेतलेला ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा. या ऑपेऱ्याचा काही भाग 2012 मध्ये रंगमंचावर आला तो न्यू यॉर्कमध्ये. भाटिया 2021 च्या मे महिन्यात गेले. गोन्साल्विसही 1927 चेच. म्हणजे 2027 हे दोघांचं जन्मशताब्दी वर्ष. आपल्याकडे शताब्दी कशी साजरी होते ते सर्वांना माहीत आहे: तसबिरीला हार, एखादी स्मरणिका, पुरस्काराची घोषणा, फार तर चौकाला नाव. या दोघांच्या बाबतीत हे सगळं झालं आणि त्यांचं संगीत वाजलं नाही, तर काहीच झालं नाही असं मानावं, हे मला सांगायचं आहे. आणि ते वाजवण्याची सुरुवात दक्षिण मुंबईतून होण्याची वाट न पाहता वसई-विरारने करावी, हेही.

पहिल्या मुद्द्याला अनेक जण मान डोलावतील, पण त्यामागचं कारण नीट पाहिलं पाहिजे. नाटकाची संहिता पुस्तक म्हणून वाचता येते, चित्र भिंतीवर टांगलेलं पुरतं. ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं संगीत कागदावर वाचून ऐकू येणारी माणसं फारच थोडी. शिवाय तो कागदही सरळ नसतो. रचनाकाराची मूळ वही, म्हणजे स्कोअर, ही सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक दाखवणारी असते. ती कंडक्टरच्या कामाची. व्हायोलिनवाल्याला त्याचा स्वतंत्र कागद लागतो, बासरीवाल्याला त्याचा, चेलोवाल्याला त्याचा. हे ‘पार्ट’ स्कोअरमधून एकेक ओळ उचलून उतरवावे लागतात. हाताने उतरवताना कुठे एखादा कोमल निसटतो, कुठे एक मात्रा जास्त पडते, आणि ती चूक कागदावर कुणालाच दिसत नाही. तालमीत पंधरा जण एकत्र वाजवतात तेव्हाच कानाला खटकते. मग वाजवणं थांबतं, स्कोअर पाहिला जातो, पेन्सिलीने दुरुस्ती होते. गज वर न्यायचा की खाली, श्वास कुठे घ्यायचा, पान उलटायला कुठे सवड मिळते, या खुणा पहिल्या प्रयोगाच्या तालमींत कागदावर उमटतात. न वाजलेल्या रचनेच्या कागदावर त्या नसतात. म्हणून पेटीत जपून ठेवलेला स्कोअर हा अर्धाच कच्चा माल. वाजल्याशिवाय तो दुरुस्तही होत नाही आणि पूर्णही होत नाही.

गोन्साल्विसांच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. तोडी म्हणजे कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत, इतकं तर शाळकरी विद्यार्थीही सांगेल. हे चारही स्वर पाच रेघांवर लिहिता येतात. पण तोडीचा गंधार पियानोच्या पट्टीवरच्या कोमल गंधाराहून उतरलेला लागतो, तो रिषभावरून कसा घेतला जातो यात राग आहे, आणि हे लिहायला रूढ पाश्चात्त्य स्वरलिपीत खूण नाही. वीस व्हायोलिनवाल्यांनी तो गंधार एकाच वेळी, एकाच उंचीवर, एकाच मींडेने घ्यायचा तर ते बोटांना माहीत असावं लागतं. मुंबईत ते माहीत असलेली माणसं होती. चर्चमध्ये नोटेशन शिकलेले गोवेकर, पारशी घरांतले वादक, उत्तरेतून आलेले सारंगिये आणि सतारिये एकाच स्टुडिओत रोज बसत होते, तेव्हा हे ज्ञान एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होतं. ऐंशीच्या दशकानंतर सिंथेसायझरने ते ताफे मोडले. आज चांगलं नोटेशन वाचणारा तरुण सापडतो, चांगली मींड घेणारा तरुणही सापडतो. दोन्ही येणारा विरळा. त्या पिढीतले जे वादक अजून आहेत ते म्हातारे झाले आहेत. ते असेपर्यंत या रचना तालमीत आल्या, तर गंधार कसा लावायचा हे कुणीतरी समोर बसून सांगेल. आणखी दहा वर्षांनी कागद तोच असेल, सांगणारं कुणी नसेल. पुरालेखागारात जतन करू, पुढे कधीतरी वाजवू, असं म्हणणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट येत नाही.

प्रयोगाने संगीत कसं तगतं याचा पुरावा मराठी माणसाला बाहेर शोधायला नको. भास्करबुवा बखले 1922 साली गेले. त्यांच्या गळ्याची ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. तरी 1916 च्या ‘स्वयंवर’मधल्या त्यांच्या चाली आज शंभरहून अधिक वर्षांनी आपल्याला येतात, त्या गायल्या गेल्या म्हणून. बालगंधर्वांनी गायल्या, त्यांच्यामागून नाट्यसंगीताच्या मैफलींत, स्पर्धांत, गणेशोत्सवाच्या मांडवांत गायल्या गेल्या, प्रत्येकाने थोड्या वेगळ्या. पुस्तकातली स्वरलिपी याला आधार देते, पर्याय होत नाही; भातखंड्यांच्या क्रमिक मालिकेत शेकडो बंदिशी आहेत, त्यांतल्या ज्या मैफलीत आल्या त्या रसिकाला ठाऊक, बाकीच्या पुस्तकात.

बाहेरचं उदाहरण घ्यायचंच तर आर्मेनियाचं घ्यावं. हा देश लोकसंख्येने तीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या मुंबईपेक्षा कितीतरी लहान. आपल्या फोर्टात त्यांचं अठराव्या शतकातलं एक चर्च आहे, तेवढीच बहुतेकांची त्यांच्याशी ओळख. त्यांचे कोमितास (1869-1935) हे धर्मगुरू आणि संगीतकार. खेडोपाडी हिंडून त्यांनी हजारो लोकगीतं उतरवून घेतली, त्यांना गायनवृंदासाठी रूप दिलं. 1915 साली, ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांचा संहार सुरू झाला तेव्हा, कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्यांना अटक झाली. ते जिवंत परतले, पण मन कायमचं मोडलं, शेवटची वर्षं पॅरिसच्या मनोरुग्णालयात गेली. त्यांच्या संग्रहाचा बराच मोठा भाग या धुमश्चक्रीत नाहीसा झाला. जे उरलं ते आर्मेनियन लोकांनी कपाटात ठेवलं नाही. त्यांचं नाव घेतलेली कोमितास चौकडी 1924 पासून, वादकांच्या पिढ्या बदलत, वाजते आहे, आणि जगभर विखुरलेल्या आर्मेनियन वस्त्यांतले चर्चचे गायनवृंद त्यांच्या रचना गातात. पुढच्या पिढीतले आराम खाचातुरियान 1978 साली वारले. येरेवानमध्ये त्यांच्या नावाने 2003 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते आणि त्या निमित्ताने परदेशी तरुणांना त्यांच्या रचना बसवाव्याच लागतात. युक्ती साधी आहे: ज्याला बक्षीस हवं त्याने आमच्या माणसाची रचना वाजवायची. आपल्या इथल्या किती स्पर्धांत अशी अट आहे?

आता वसई-विरार का. मुंबईत 2006 पासून एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, उत्तम आहे, आणि झाकिर हुसेन यांच्याकडून तबल्याचा कॉन्चेर्टो लिहवून घेऊन त्याने 2015 साली वाजवलाही. भाटिया आणि गोन्साल्विस यांना त्याने आपल्या हंगामांत जागा द्यावी ही अपेक्षा रास्तच आहे. पण नरिमन पॉइंटवर जे होतं ते रात्रीची विरार लोकल धरणाऱ्याचं होत नाही, आणि वर्षातून एकदा झालेल्या भव्य प्रयोगाने परंपरा उभी राहत नाही. परंपरेला लागतात ती नोटेशन वाचणारी, जवळजवळ राहणारी, दर आठवड्याला तालमीला येणारी माणसं. महाराष्ट्रात ती इतक्या दाटीने आणि मराठी बोलत एकत्र सापडतात ती वसईत. पापडी, सांडोर, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, आगाशी या पट्ट्यातल्या चर्चमध्ये कॉयर आहेत, ती चार आवाजांत गातात आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आल्यामुळे मराठीत गातात. सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती घरांतली मुलं व्हायोलिन आणि की-बोर्डच्या परीक्षा देतात. पूर्वेकडच्या सोसायट्यांतली हिंदू-मुसलमान मुलंही त्याच क्लासला जातात. भाड्याने मुंबईबाहेर ढकललेल्यांत वादकही आहेत. 2011 च्या जनगणनेत बारा लाखांपुढे गेलेलं हे शहर दक्षिण मुंबईसाठी अजून फक्त लोकलच्या पाटीवरचं शेवटचं नाव आहे, पण जे कसब या कामाला लागतं ते इथे साठून आहे.

आक्षेप येतील, आणि त्यांतले काही ताकदीचे आहेत. हे परकं संगीत, आपल्याला काय त्याचं, हा मला त्यातला सर्वात लेचापेचा वाटतो. पेटी युरोपातून आली आणि आज तिच्याशिवाय भजन होत नाही; व्हायोलिन कर्नाटक संगीताचं घरचं वाद्य झालं त्याला दोन शतकं झाली. वसईत तर हा प्रश्न विचारणंच अवघड. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर इथल्या चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात, मेणवलीला, भीमाशंकरला, आणि पोर्तुगीजांच्या त्या घंटा शंकरापुढे वाजतात याचं कुणाला काही वाटत नाही. तोडी आणि सारंग लिहिणाऱ्या गोवेकराला परका म्हणणं मग कुठल्या हिशेबात बसतं?

याहून वजनदार आक्षेप हा, की पालघर जिल्ह्यात आधी जपायचं तर जव्हार-विक्रमगडचा तारपा जपा, कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती, बायकांची लग्नातली गाणी जपा. सिम्फनीचे लाड कशाला. या म्हणण्यात तथ्य आहे आणि वसईच्या कला-क्रीडा महोत्सवाच्या खर्चात तारप्याला वाटा कमी मिळत असेल तर तो आधी वाढवावा. पण दोन्हींची गरज वेगळी आहे. तारपा शिकणारा मुलगा वाजवणाऱ्याच्या शेजारी बसून शिकतो. त्याला गुरू हवा आणि नाचायला गाव हवं. गोन्साल्विसांच्या संगीताला कागद, कागद वाचणारे आणि सभागृह हवं. एकाचं साधन काढून घेतल्याने दुसऱ्याला काही मिळत नाही, कारण कॉयरमधला बास गाणारा रविवारी तारपा वाजवायला बसणार नसतो. आणि गावोगावची गाणी उतरवून त्यांना गायनवृंदाचं रूप देणं, हे कोमितासने केलं तेच, इथे कुपारी गीतांसाठीही करता येईल. ज्या मंडळाने भाटियांची एक रचना बसवली त्याला ते जास्त सोपं जाईल.

तिसरा आक्षेप रेकॉर्डिंगचा: एकदा उत्तम मुद्रण करून यूट्यूबवर टाकलं की काम झालं. मुद्रण हवंच, त्याला विरोध नाही. पण मुद्रण हे एका संध्याकाळचं, एका कंडक्टरचं वाचन. त्यात गंधार चुकला असेल तर तो कायमचा चुकला. ‘स्वयंवर’ची पदं एकाच तबकडीवर अडकली असती तर आपण आज ती वस्तुसंग्रहालयातल्या भांड्यासारखी पाहिली असती. शिवाय मुद्रण ऐकणाऱ्याला मिळतं, वाजवणाऱ्याच्या बोटांत काही उतरत नाही.

उरतो तो प्रश्न, जो सभ्यपणाने कुणी मोठ्याने विचारत नाही: हे संगीत मुळात चांगलं आहे का? असेलच असं मी म्हणत नाही. राग आणि सिम्फनी यांचं लग्न लावायचे अनेक प्रयत्न जगात फसले आहेत. हार्मनीचा आधार आला की रागाचा एकटेपणा जातो, आणि तो न आणावा तर शंभर वादक एकच ओळ वाजवत बसतात. गोन्साल्विसांनी या पेचातून काय वाट काढली, भाटियांनी काय काढली, हे ठरवायला ऐकावं लागेल. ऐकल्यावर एखादी रचना कंटाळवाणी वाटली तर ती खुशाल बाजूला ठेवावी. किर्लोस्करांपासून कितीतरी नाटकांतली पदं प्रेक्षकांनी अशीच गाळली आणि त्यात अन्याय काही झाला नाही. अन्याय आहे तो न ऐकता गाळण्यात, आणि आज तोच चालू आहे.

पैशाचं म्हणाल तर 110 वादकांचं स्वप्न तूर्त बाजूला ठेवू. 2019 साली यो-यो मा मुंबईत आले तेव्हा त्यांनी भाटियांची ‘रेव्हरी’ वाजवली. एक वादक, एक चेलो. रचनाकार तेव्हा नव्वदी ओलांडून हलाखीत दिवस काढत होता, आणि जगातला एक थोर चेलोवादक त्याचं संगीत त्याच्याच शहरात वाजवत होता. चार तंतुवाद्यं, एक पियानो, एक कॉयर इतक्यावर सुरुवात होऊ शकते. मोठ्या रचनांची पियानोसाठी संक्षिप्त रूपं करता येतात. युरोपात ऑपेराच्या तालमी वर्षानुवर्षं तशाच होतात. सभागृह नसलं तरी वसईत उंच छपराची चर्च आहेत, आणि तंतुवाद्यांना ध्वनिक्षेपकाशिवाय वाजायला अशीच जागा लागते.

कायद्याची बाजू लोक समजतात तितकी कठीण नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतात. म्हणजे गोन्साल्विसांच्या त्या रचनांसाठी 2072 अखेरपर्यंत, भाटियांसाठी 2081 अखेरपर्यंत. त्याच कायद्यात एक सवलतही आहे: हौशी मंडळाने तिकीट न लावता, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हक्कभंग ठरत नाही. चर्चच्या कॉयरला आणि गावातल्या संगीतमंडळाला याहून सोयीचं काय हवं? पण स्कोअरची प्रत मिळवायची, पार्ट उतरवायचे, तर घरच्यांची संमती लागेलच, आणि ती मागण्यात सौजन्यही आहे. महापालिकेने किंवा कला-क्रीडा महोत्सवाच्या आयोजकांनी एवढंच करावं: शताब्दी वर्षाच्या स्पर्धेत पाश्चात्त्य वाद्यांच्या गटाला भारतीय रचनाकाराची एक रचना सक्तीची करावी आणि तिचे तयार पार्ट स्पर्धकांना फुकट द्यावेत. पार्ट तयार करून घेण्याचा खर्च एका रात्रीच्या रोषणाईपेक्षा जास्त येणार नाही. संगीतशिक्षकांनी परीक्षेच्या यादीतल्या क्लेमेंटीच्या सोनाटिनाशेजारी मजोर्ड्याच्या माणसाची सोनाटिना ठेवायचं मनावर घ्यावं.

वही मिळवणं, संमती घेणं, पार्ट उतरवणं, चुका काढणं आणि निदान बारा-पंधरा तालमी करणं, हे सगळं वर्षभराचं काम आहे. वसईतल्या ज्या कॉयरमास्तरांना, शिक्षकांना, निवृत्त स्टुडिओवादकांना हे पटत असेल, त्यांनी महापालिकेच्या पत्राची वाट पाहू नये. एक रचना निवडावी आणि तालमीचा वार ठरवावा.